भरल्या गाडीचं माप

पंचवाडीच्या उतारावर डाव्या चाकाचा मडगार्ड सुटला,
वाजत वाजत गेला आणि गटारात पडला.
मी ट्रॅक्टर थांबवला नाही.
मागे ट्रॉलीत दीडशे चिरे होते.

गंजाने तो कधीच खाल्लेला.
तीन वर्षं नुसता तारेवर होता
आणि माझ्या आळसावर.

त्याच रविवारी, चर्चच्या वळणावर,
फिलोमेनाबाईंचा पांढरा झगा
कमरेपासून खाली तांबडा झाला.
बाई एक शब्द बोलल्या नाहीत.
संध्याकाळी त्यांचा नातू पिशवी घेऊन आला.
आत झगा, नीट घडी घातलेला,
आणि साबणाची एक वडी.

तीनदा धुतला. लिंबू चोळलं, उन्हात टाकला.
पाणी तांबूसच येत राहिलं.
ही माती म्हणजे लोखंडच शेवटी,
जहाजं भरभरून नेलं
तरी झग्यापुरतं उरलंय.

विसू मेस्त म्हणाला, वैनी, जाड पत्रा घाला,
जन्मभर बघायला नको.
एक उचलून माझ्या हातात दिला.
अकरा किलो.
चार चाकांचे चव्वेचाळीस.
म्हणजे रिवणच्या चढावर रोज दीड चिरा
जो कुणी विकत घेणार नाही.

मग अ‍ॅल्युमिनियम.
हलका, चकचकीत, लग्नातल्या ताटासारखा.
पण चिरा निसटून काठावर आदळला
की वेल्डिंगच्या कडेनेच फाटतो,
आणि तो सांधायला मडगावला जावं लागतं,
असं विसू मेस्त
स्वतःच्या मशीनकडे न बघता म्हणाला.

गुरुदास वेळीपने निळं प्लॅस्टिकचं पिंप उभं चिरून लावलंय.
फुकटात पडलं, दोन उन्हाळे टिकलं.
तिसऱ्यात पापडासारखं मोडलं.
तरी तो अजून दोरीने बांधून फिरतो,
आणि मला सल्ला देतो.

शेवटी बेतूलला गेले.
कायतानच्या शेडमध्ये होड्या पालथ्या पडलेल्या,
फायबरचा वास डोळ्यांत जाणारा.
त्याने साच्यातून काढलेली एक कमान जमिनीवर ठेवली.
म्हणाला, उभी राहा.
मी चप्पल काढायला लागले.
अगो, चपलेसकट.

उभी राहिले. ती जराशी वाकली,
मी उतरले तशी परत आपल्या जागी आली,
जणू मी आलेच नव्हते.
चार किलो, एका हातात मावणारी.
खारं पाणी हिला काही करत नाही,
तुझा चिखल काय करणार, कायतान म्हणाला.
किंमत मात्र त्याने
समुद्राकडे बघत सांगितली.

विसू मेस्त रुसलेला. प्लॅस्टिक ते प्लॅस्टिकच, म्हणाला,
आणि टेप काढून चाकावरची जागा मोजू लागला.
थांब, म्हटलं. रिकाम्या गाडीचं माप घेऊ नकोस.
रिकामी असताना काय, सगळंच बसतं.

आम्ही दोघांनी आणि त्याच्या पोऱ्याने
दीडशे चिरे परत चढवले.
पाटे हळूहळू खाली बसत गेले.
टायर वर सरकला,
आणि त्याने हाताची चार बोटं आडवी धरून
मधली फट बघितली.
पाच ठेवू, मीच म्हणाले. खड्डे आपलेच आहेत.

नटाखाली रबराची रुंद चकती घातली,
फायबरला नागडा नट चावतो म्हणून.
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
रुसूनसुद्धा माणसाला आपलं काम येतं.

काल चर्चच्या वळणावर फिलोमेनाबाई.
तोच झगा. डाग जाईना म्हणून त्यांनी
अख्खाच तांबडा रंगवून घेतलेला.
आमचे हिरवे मडगार्ड बघून
तरीही कुंपणाला चिकटल्या.

मी मुद्दाम डबक्यातून नेली, भरली गाडी, बेताच्या वेगात.
पाणी चाकाबरोबर वर गेलं
आणि आतल्या आत खाली पडलं.
थांबवून विचारलं, उडालं का?

बाईंनी झगा दोन्ही हातांनी पसरला,
पुढून पाहिला, वळून मागून पाहिला.
मग माझ्यावरच ओरडल्या,
आता ह्या रंगावर कळणार कसं?